डावी रांग, पाचवा खांब

माझ्या भावोजींचं लाकडाशी जेवढं जमलं तेवढं माणसांशी कधी जमलं नाही. माणसाच्या ओठावर एक असतं आणि पोटात दुसरंच, असं त्यांचं म्हणणं. लाकडाला मोगरीनं ठोकलं की ते पोटातलं लगेच सांगून टाकतं. हे ते मला ऐकवायचे तेव्हा मी हसायचो. आता हसू येत नाही, कारण पोटात दुसरंच ठेवून अकरा वर्षं त्यांच्यासमोर चहा पीत बसलेला माणूस मीच आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी बागेतले सुतार. मी त्याच बागेच्या ऑफिसात कारकून, पुढं हेडक्लार्क. मला तिथं चिकटवलं तेही त्यांनीच. शिक्षण संपवून मी दीड वर्ष घरी माशा मारत होतो. त्या वेळच्या साहेबांच्या टेबलाचा खण अडकत होता, तो नीट करता करता भावोजींनी माझा विषय काढला. "अक्षर मोत्यासारखं आहे," एवढीच शिफारस. त्या अक्षराचं मी पुढं काय केलं ते येईलच.

बागेत लाकडाचं असं असतं काय, असं लोकांना वाटतं. बाक सोडले तर कुणाला काही आठवत नाही. भावोजींना सगळं तोंडपाठ होतं. त्रेसष्ट बाक, तळ्यावरचा लहान पूल, रोपवाटिकेची दोन फाटकं आणि वेलींचा लांबलचक मांडव. मांडवाला समोरासमोर दोन रांगा, एकेका रांगेत बारा खांब, वर आडव्या तुळया आणि त्यांवर माझ्या नोकरीपेक्षाही जुने वेल. मांडवाचं एक टोक फाटकाकडे, दुसरं तळ्याकडे. हे टोकांचं लक्षात ठेवा. माझ्या ते राहिलं नाही.

पाऊस उघडला की त्यांचं वर्ष सुरू व्हायचं. आधी घासणं. बाकांवर शेवाळ धरलेलं असे. नवीन माणूस दिसला की तारेचा ब्रश उचलायचा आणि भावोजी खेकसायचे, "भांडी घासतोयस का?" काथ्याचा ब्रश, सोड्याचं पाणी, तेही रेषा जाईल त्या दिशेनं. मग पंधरा दिवस नुसतं वाळू द्यायचं. या पंधरा दिवसांत साहेबांना वाटायचं की सुतार बसून पगार खातो. भावोजी म्हणत, "ओलं असेपर्यंत लाकूडही खोटं बोलतं. थांबा जरा."

वाळलं की ठोकणी. हे मात्र बघण्यासारखं असे. उजव्या हातात मोगरी, डावा कान खांबाजवळ, डोळे मिटलेले. जमिनीपासून वीतभर अंतरावर पहिला ठोका, कारण खांब कुजतो तो मातीला लागतो तिथंच. चांगला असेल तर टण्ण वाजायचा. आतून गेला असेल तर भद्द. बाहेरून दोन्ही सारखेच धडधाकट. भद्द वाजला की खिशातून निळा खडू काढून खांद्याच्या उंचीवर एक फुली मारायची आणि पुढं जायचं. फुली म्हणजे हिवाळ्यात याचं पोट उघडायचं. बाकांची फुली बैठकीच्या खालच्या बाजूला, खांबांची वर.

एकदा मी विचारलं, "भावोजी, वहीत का लिहीत नाही?"

"वही तुमच्याकडे असते, मेव्हणे. खांब माझ्याकडे. त्रेसष्ट बाक आणि चोवीस खांब डोक्यात ठेवायला लागलो तर तुमच्या बहिणीचं नाव विसरेन आणि जेवण बंद होईल."

खरोखरच ते काही डोक्यात ठेवत नसत. खडूवर सोडून देत. हिवाळा आला की फुल्या बघत बघत जायचे. तुळईला टेकू द्यायचा, माती उकरायची, खालचा कुजका भाग कापून नवा पाय जोडायचा आणि तो दगडावर उभा करायचा म्हणजे पुन्हा मातीला लागायला नको. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, बोल्ट ढिले पडतात, तेव्हा पाना घेऊन सगळी बाग फिरायचे. पावसाळ्याच्या तोंडावर जवसाचं तेल, दोन हात. दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या साहेबाला वाटे की तेल कशाला, छान हिरवा ऑइलपेंट मारू. भावोजी ऐकून घेत आणि म्हणत, "साहेब, रेनकोट घालून झोपून बघा एक दिवस. आतून किती भिजता ते सांगा मला." साहेब पुन्हा विषय काढत नसत.

बाकांना त्यांनी नावं ठेवली होती. एक नेहमी डावीकडे कलायचा तो 'जावई'. तळ्याकाठचा एक बाक कुणी बसलेलं नसतानाही करकरायचा, त्याचं नाव 'हेडक्लार्क'. मी हेडक्लार्क व्हायच्या आधीपासून.

त्या वर्षी हिवाळ्यात बागेत फुलांचं प्रदर्शन भरणार होतं. वरून मोठे साहेब येणार, फोटो निघणार. आमचे साहेब मला एवढंच म्हणाले, "सगळं नीटनेटकं दिसू द्या." खुणा पुसा असं त्यांनी सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मधली कित्येक वर्षं ते वाक्य मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी घालून बघितलं आहे. बसत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी तळ्याच्या बाजूनं मांडवात शिरलो. टेबलं मांडणं चाललं होतं. समोर एका खांबावर ठसठशीत निळी फुली. मांडवात त्या वर्षी तेवढी एकच होती आणि नेमकी मोठ्या साहेबांच्या डोक्यामागं येणार होती. मला नीटनेटकेपणाचं वेड. टेबलावरच्या फायलीचा कोपरा जरी वाकडा असला तरी मला घास उतरत नाही. ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकली. आणि मी काही बेजबाबदार नव्हतो बरं का, चांगला जबाबदार होतो! खिशातून कागद काढला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: मांडव, डावी रांग, पाचवा खांब. सोमवारी फुली परत काढणे.

भावोजी तेव्हा रोपवाटिकेत टेबलांचे पाय ठोकत होते, दोन मिनिटांच्या अंतरावर. सांगायला काय झालं होतं? पण त्यांच्या खुणेला हात लावलेला त्यांना खपत नसे. भडकले असते, चार लोकांत बोलले असते. म्हटलं कशाला डोक्याला ताप, पुसली तशी परत काढून ठेवू, त्यांना कळणारही नाही.

सोमवारी मी खरंच काढली. स्टोअरच्या फळीवरून त्यांचाच खडू घेतला, ऑफिसातून निघालो, म्हणजे फाटकाच्या बाजूनं मांडवात शिरलो. कागद वाचला, डावी रांग धरली, मोजत मोजत पाचव्या खांबापाशी गेलो आणि फुली काढली. भावोजींच्या फुलीची एक रेघ दुसरीपेक्षा लांब असे, तीही मी तश्शी काढली. दोन पावलं मागं सरून बघितली आणि स्वतःवर खूश झालो.

तळ्याकडून शिरलं की जी रांग डावीकडे, ती फाटकाकडून शिरलं की उजवीकडे. आणि पाचवा हा पाचवा राहत नाही, आठवा होतो. शाळकरी पोरानंही बोट दाखवून सांगितलं असतं. कुजका खांब पलीकडच्या रांगेत निवांत उभा राहिला आणि एका धडधाकट खांबाच्या कपाळी मी फुली मारून आलो.

तीन आठवड्यांनी भावोजींनी तो खांब उघडायला घेतला. मी चहाला निघालो होतो. बघतो तर ते उकिडवे बसलेले, माती उकरलेली, हातात टोचा. टोचा लाकडात शिरेना. त्यांनी चारही बाजूंनी टोचून बघितलं, मोगरीनं ठोकलं, परत ठोकलं.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"फुली तर माझीच आहे," ते म्हणाले. "पण पोट लोखंडासारखं निघालं. कान चुकला म्हणायचा." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खांबाकडे बघत होते. त्यांना एवढं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वय झालं तुमचं," मी हसत म्हणालो. "यंत्र लावा आता कानाला."

तेही हसले. अंगठ्यानं फुली पुसली आणि माती पुन्हा लोटली.

मला त्या क्षणी कळलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तर टाळता येत नाही. शंका आली होती. कागद माझ्या खणात होता. वर जाऊन बघायला किती वेळ लागला असता? मी गेलो नाही. चहा निवत होता. अजूनही कुणी "वय झालं" म्हणालं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

उन्हाळा गेला. पावसाळ्याआधी त्यांनी कुजक्या खांबालाही प्रेमानं दोन हात तेल लावलं. पाऊस निम्मा झाला तेव्हा वेल पाणी पिऊन जड झाले होते. एका संध्याकाळी थोडी उघडीप होती आणि मुलींच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई नेहमीप्रमाणे मांडवाखाली बाकावर येऊन बसल्या. पलीकडच्या रांगेतला तो खांब पायात मोडला आणि तुळई वेलीसकट त्यांच्या उजव्या खांद्यावर आली.

मी धावत पोचलो तेव्हा बाईंना नेलं होतं. भावोजी चिखलात बसले होते. मोडलेल्या खांबाच्या बुडातला चुरा त्यांनी मुठीत घेतला होता आणि मूठ उघडझाक करत होते. मी ऑफिसात परत आलो, खण उघडला, कागद काढला आणि खिडकीतून मांडवाकडे बघत रांगा मोजल्या. एकदा फाटकाकडून, एकदा तळ्याकडून. मग कागद घडी करून खणात सर्वांत खाली ठेवला.

चौकशी झाली. भावोजींचा जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर.

"लिहा मेव्हणे," ते म्हणाले. "पाऊस संपल्यावर मी प्रत्येक खांब स्वतः ठोकून तपासला होता. त्या वेळी हा मला चांगला वाटला. चूक माझ्या एकट्याची आहे, बागेतल्या दुसऱ्या कुणाची नाही."

मी लिहिलं. शेवटच्या वाक्याला तरी हात अडखळावा! अडखळला नाही. एकही काट नाही, एकही खाडाखोड नाही. त्यांनी सही केली आणि ती वाळावी म्हणून मी वर फुंकरही मारली. माझं हेडक्लार्कचं प्रकरण त्या महिन्यात वर गेलं होतं. एवढंच कारण होतं. दुसरं काही मोठं कारण असतं तर मी इथं जरूर लिहिलं असतं.

भावोजींना निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. ते त्यांनी स्टोअरमध्ये बसून झाडांच्या नावाच्या पाट्या करण्यात काढलं. मोगरी स्वतःहून जमा केली, पावती माझ्याकडूनच घेतली. मांडव उतरवून तिथं लोखंडी कमानी आल्या. ते बाजारात गेले की पूर्वी फळवाल्यासमोर चार बायका त्यांना अडवायच्या, "दादा, आमचं पण एक टरबूज ठोकून द्या ना." त्यानंतर त्यांनी टरबूजसुद्धा ठोकलं नाही. ताईला म्हणायचे, "तूच बघ. माझ्या कानाचा भरवसा नाही."

बाईंचा हात बरा झाला, पण खांद्याच्या वर जाईना. एकट्या राहणाऱ्या बाई. भावोजी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते नुसती माफी मागायला, आणि गेल्या गेल्या त्यांना दिसलं की दाराची वरची कडी बाईंना लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. कडी खाली आणली. मग भांड्यांची फळी खाली आणली, कपडे वाळत घालायची दांडी खाली आणली, आरसा, दिव्यांची बटणं, दारावरची बेल, सगळं. अख्खं घर हातभर खाली उतरवलं. दर पावसाळ्याआधी जायचे, कारण त्यांचं दार फुगून अडकतं आणि एका हातानं ओढवत नाही. दाराच्या कडेला रंधा मारायचे, तेल लावायचे आणि यायचे.

एकदा मी पिशवी धरायला बरोबर गेलो होतो. बाई म्हणाल्या, "सुतारदादा, किती वर्षं येत राहणार तुम्ही? झालं गेलं."

"हात वर जाईपर्यंत," भावोजी म्हणाले.

बाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. तो तसाच राहिला. डोकं दुखतंय अशी सबब सांगून मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो आणि नंतर परत कधी गेलो नाही.

अकरा वर्षं अशी गेली. सांगायचं मनात येई, पण सणक येऊन जावी तसं येई आणि जाई. आधी वाटलं निवृत्त होऊ देत. मग वाटलं आता कशाला जखमेची खपली काढायची. माणूस स्वतःला किती सभ्य कारणं देतो! मग यंदा बागेत नवीन मॅडम आल्या. त्यांनी तळ्याकाठी लाकडी खांबांचा अष्टकोनी मंडप बांधून घेतला, जुनी कागदपत्रं चाळली आणि मला बोलावलं. "पूर्वी इथं एक सुतार खांब ठोकून ऐकायचे म्हणे. ते एक दिवस येऊन आमच्या माणसांना शिकवतील का?"

मी निरोप घेऊन गेलो. निघताना खणातला तो कागद खिशात टाकला, दाखवायचं असं काही ठरवलं नव्हतं. माझ्याही निवृत्तीला महिनाच उरला होता. भावोजी मागच्या अंगणात त्यांनी स्वतः केलेल्या बाकावर बसले होते. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ज्याचा मांडव बाईमाणसाच्या अंगावर पडला, त्यानं शिकवायचं? त्यांना सांगा, माणूस चुकीचा निवडलात."

"अहो, इतक्या वर्षांत एकच तर..."

"एक नाही, दोन. चांगला होता त्याला खराब म्हटलं आणि खराब होता त्याला चांगलं. एक चुकला असता तर नशीब म्हटलं असतं. दोन्ही उलटे. म्हणजे कान मुळातच गेला होता आणि मला कळलं नाही. त्याआधी किती खांब चुकलो असेन, कुणास ठाऊक. तेच मनात येत राहतं."

हे मला माहीत नव्हतं. त्यांना एका खांबाचं वाईट वाटतं एवढंच मी धरून चाललो होतो. तीस वर्षांचं सगळं कामच त्यांनी खोटं ठरवून टाकलं होतं, आणि ते माझ्या एका फुलीवरून. आता गप्प राहिलो असतो तर ते तसेच गेले असते. मी मान खाली घालून म्हणालो, "भावोजी, कान चुकला नव्हता. फुली मी पुसली होती."

"आं?" ते म्हणाले. "जरा मोठ्यानं बोला."

एक सांगायचं राहिलं. गेल्या तीन वर्षांत त्यांना खरोखरच कमी ऐकू यायला लागलं आहे. टीव्ही गल्लीभर ऐकू जातो. मी अकरा वर्षं जे ओठावर आणलं नव्हतं ते पुटपुटून उरकायच्या बेतात होतो, आणि ते कानामागं तळवा धरून माझ्याकडे वाकले होते.

"फुली मी पुसली होती!" मी ओरडलो. "प्रदर्शनासाठी! आणि परत काढली ती चुकीच्या खांबावर! तुमचा कान बरोबर होता!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. भावोजी म्हणाले, "परत सांगा." मी तेच सगळं पहिल्यापासून परत ओरडून सांगितलं. फडकं, खडू, लांब रेघ, चहा, जबाब. मग खिशातला कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. बोटानं मांडीवर दोन रांगा आखल्या, एका टोकाकडून मोजलं, दुसऱ्या टोकाकडून मोजलं.

"म्हणजे तळ्याकडचा भद्द होता, तो मी ऐकला होता."

मी मान डोलावली.

"आणि हा दुसरा टण्ण होता, तोही ऐकला होता."

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "अकरा वर्षं मी माझ्या कानाला शिव्या घातल्या, मेव्हणे. माझ्यासमोर बसून तुम्ही ऐकत होता." आवाज चढलाच नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आले असते, तर मी निदान रडलो तरी असतो.

ताई दारात उभी होती. "तुला नोकरीला यांनी लावलं," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या घरून मी चहा न घेता निघालो असा तो पहिला दिवस.

पुढच्या आठवड्यात भावोजी बागेत आले. मला निरोप नव्हता, पण मी ऑफिसातून उतरलो आणि लांब उभा राहिलो. मॅडम होत्या, पाचसहा माळी होते. स्टोअरमधून जुनी मोगरी आणली होती. भावोजींनी मंडपाच्या पहिल्या खांबाला कान लावला, डोळे मिटले आणि ठोकलं. परत ठोकलं. मोगरीचा आवाज तळ्याच्या पलीकडे गेला. त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही. चांगला कान होता ती वर्षं माझ्यामुळं वापराविना गेली होती, आणि तो परत मिळाला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

त्यांनी मोगरी एका माळ्याच्या हातात दिली. "तू ठोक. ऐक. खाली ठोक, मग वर ठोक. आवाज बदलला का?" माळी म्हणाला, बदलला. "मग मला सांगू नकोस. मला ऐकू येत नाही. खूण कर." खडू दिला. माळ्यानं लहानशी फुली काढली. "मोठी काढ, लाजतोस कशाला! आणि हे बघा सगळ्यांनी, खूण ज्यानं केली त्यानंच पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साहेब येवोत नाहीतर साहेबांचे साहेब." माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

निघताना मात्र ते माझ्यापाशी थांबले. खांद्यावरची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. जड होती. आत रंधा, पटाशी, तेलाची बाटली.

"पावसाळा तोंडावर आलाय," ते म्हणाले. "बाईंचं दार अडकायला लागलं असेल. यंदा तुम्ही जा."

"मला रंधा मारता येत नाही, भावोजी."

"शिकाल. पुढच्या वर्षीही जायचंच आहे. आणि तिथं आधी सगळं सांगायचं, रंधा नंतर."

रविवारी सकाळी मी गेलो. जिना चढताना तीन वेळा थांबलो, दोनदा परत फिरलो. बाईंच्या दारापाशी उभा राहिलो. बेल नेहमीच्या जागी नव्हती, भिंतीवर जुन्या बेलच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी दिसत होती. बेल खाली होती, माझ्या कमरेशी. दाबायला मला वाकावं लागलं.

आतून पावलं वाजली. दार फुगलेलं होतं, एका हातानं ओढल्याचा आवाज आला, ते अडकलं, परत ओढलं.

"सुतारदादा ना?" बाई आतून म्हणाल्या. "जरा बाहेरून ढकला हो."

मी पिशवी खाली ठेवली आणि दाराला हात लावला.

"सुतार नाही, बाई," मी म्हणालो. "त्यांच्याकडून चूक झालीच नव्हती. त्या खांबावरची खूण ज्यानं पुसली, तो मी."

दार ओढणं थांबलं. मी बाहेरून ढकलत राहिलो.